अपुऱ्या तबकड्या आणि त्यांचे अनधिकृत वारस

बाणभट्टाची ‘कादंबरी’ त्याच्या हातून पुरी झाली नाहीं. जिच्या नांवावरून आमच्या भाषेनें एका साहित्यप्रकाराचें नांव घेतलें, ती कृतिच अर्धवट राहिलेली असून तिचा उत्तरभाग बाणाच्या पुत्रानें लिहिलेला आहे. कथा मध्येंच तुटल्याचें सज्जनांस दुःख होतें म्हणून आपण हें काम हातीं घेतलें, कवित्वाच्या अभिमानानें नव्हे, असा खुलासा त्यानें आरंभींच केला आहे. एकनाथमहाराजांचें ‘भावार्थरामायण’ युद्धकांडांत थांबलें, आणि गावबा नांवाच्या त्यांच्या शिष्यानें तें शेवटास नेलें. ह्या दोन्ही उदाहरणांत अपुऱ्या कृतीचा वारस कोण, ह्याविषयीं कोणाच्या मनांत संशय नव्हता. पुत्र किंवा शिष्य. तिसरा अधिकारी नाहीं. शिवाय कवि निवर्तल्याखेरीज वारसाचा प्रश्नच उद्भवत नसे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ध्वनिमुद्रणाच्या कलेनें ह्या जुन्या प्रश्नास अगदीं नवें रूप दिलें. कर्ता हयात आहे. त्यानें आपली कृति अर्धवट टाकून दिली आहे. ती प्रसिद्ध व्हावी अशी त्याची इच्छा नाहीं. आणि तरीहि ती देशोदेशींच्या हजारों अनोळखी माणसांच्या हातीं पडली आहे. ते ती ऐकतात, तिच्या तुकड्यांचा क्रम लावतात, पाठभेदांवरून वाद घालतात. अशी स्थिति वाङ्मयाच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. रॉक संगीताच्या इतिहासांत मात्र ती वारंवार आढळते. त्यांतील दोन प्रकरणें येथें सांगावयाचीं आहेत. पहिलें कॅलिफोर्नियांतील, दुसरें लंडनचें, परंतु त्याचे धागे थेट अहमदनगर आणि बडोदें येथपर्यंत पोंचलेले आहेत.

तत्पूर्वीं तबकडीच्या आणि चोरतबकडीच्या इतिहासाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. १९४८ सालीं अमेरिकेंत दीर्घ काळ वाजणारी तबकडी बाजारांत आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. प्रथम अशी तबकडी म्हणजे सुट्या गाण्यांची मोळी असे. १९६५ च्या सुमारास कांहीं रचनाकारांच्या मनांत असें आलें कीं, संबंध तबकडी हीच एक कृति मानावी; तिला आदि, मध्य आणि अंत असावा. ह्याच काळांत चुंबकीय फीत हातीं आल्यानें ध्वनिमुद्रण कापतां, जोडतां आणि एकावर एक चढवितां येऊं लागलें. लेखकाच्या टेबलावर जसे खर्डे सांचतात तसे आतां संगीतकाराच्याहि कपाटांत सांचूं लागले. पूर्वी गवयाचा खर्डा हवेंत विरून जात असे; आतां तो राहूं लागला. आणि जें राहतें तें चोरीस जाऊं शकतें.

अनधिकृत ध्वनिमुद्रणास इंग्रजींत ‘बूटलेग’ म्हणतात. बुटाच्या लांब नळीत दारूची बाटली लपवून नेणाऱ्यांवरून हा शब्द निघाला. परंतु ह्या उद्योगाचा पूर्वज मोठा सभ्य होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा ह्या नाट्यगृहाचे ग्रंथपाल लायनेल मॅपलसन ह्यांनीं १९०१ ते १९०३ ह्या काळांत एडिसनच्या यंत्रावर चालू प्रयोगांतील गाण्याचे लहान लहान तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर टिपून ठेविले. आवाज खरखरीत, मध्येंच तुटणारा. तथापि जां द रेश्के ह्या विख्यात गायकाचा कंठ आज जो कांहीं ऐकूं येतो तो ह्याच नळकांड्यांच्या कृपेनें.

रॉक संगीतांतील पहिली गाजलेली चोरतबकडी १९६९ च्या उन्हाळ्यांत लॉस एंजलिस येथें निघाली. बॉब डिलन ह्यानें १९६७ सालीं न्यूयॉर्क राज्यांत वुडस्टॉकजवळच्या एका घराच्या तळघरांत, कांहीं सहकाऱ्यांसह, शंभरांहून अधिक गाणीं सहज म्हणून ध्वनिमुद्रित केलीं होतीं. त्यांतील कांहीं इतर गायकांनीं गावीं म्हणून त्यांच्याकडे धाडण्यांत आलीं, आणि तेथून तीं फुटलीं. जुन्या कांहीं गाण्यांसह तीं दोन तबकड्यांवर छापून कोऱ्या पांढऱ्या वेष्टनांत विकण्यांत आलीं. वेष्टनावर गायकाचें नांव नव्हतें; ‘ग्रेट व्हाइट वंडर’ एवढाच रबरी शिक्का. कंपनीनें त्या तळघरांतील गाण्यांचा निवडक संग्रह काढला तो १९७५ सालीं, आणि संपूर्ण संग्रह २०१४ सालीं. ह्या विक्रेत्यांस कायद्यानेंहि एक फट ठेविली होती. गाण्याच्या शब्दांस व चालीस अमेरिकेंत स्वामित्वहक्क होता. परंतु ध्वनिमुद्रणास संघराज्याच्या कायद्याचें संरक्षण मिळालें तें १५ फेब्रुवारी १९७२ पासून पुढच्या मुद्रणांनाच. ही चोरी इतकी लोकप्रिय झाली कीं, १९७० सालीं ‘द हू’ ह्या इंग्रज मंडळीनें आपल्या लीड्स येथील जलशाची अधिकृत तबकडी काढली तिचें वेष्टनहि मुद्दाम चोरतबकडीसारखेंच, साधें, शिक्का मारलेलें, ठेविलें. सावानें चोराचा पोषाख करावा, असाच हा प्रकार होता.

आतां पहिलें प्रकरण. ‘बीच बॉइज’ ही कॅलिफोर्नियांतील हॉथॉर्न गांवची मंडळी १९६१ सालीं उभी राहिली. ब्रायन, डेनिस व कार्ल विल्सन हे तिघे भाऊ, माइक लव्ह हा त्यांचा आत्येभाऊ आणि अल् जार्डिन हा मित्र. समुद्राच्या लाटा, मोटारी आणि तारुण्य हे त्यांच्या गाण्यांचे विषय. सर्वांत वडील ब्रायन हा रचनाकार. त्याला उजव्या कानानें जवळजवळ ऐकूंच येत नसे. १९६४ च्या डिसेंबरांत विमानप्रवासांत त्याच्या मनाचा तोल गेला. तेव्हांपासून त्यानें दौऱ्यांवर जाणें सोडिलें, आणि इतर मंडळी गांवोगांव गात हिंडत असतां हा घरीं राहून वाद्यवृंदाकडून नव्या रचना वाजवून घेऊं लागला. १९६६ च्या मे महिन्यांत ‘पेट साउंड्स’ हा त्याचा संग्रह निघाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ‘गुड व्हायब्रेशन्स’ हें गाणें. साडेतीन मिनिटांच्या ह्या एका गाण्यासाठीं निरनिराळ्या चार ध्वनिगृहांत सात महिने काम चाललें होतें.

ह्या गाण्याची रीत समजून घेतली पाहिजे, कारण पुढील साऱ्या अनर्थाचें बीज तिच्यांत आहे. पूर्वी गाणें आरंभापासून अखेरपर्यंत सलग वाजवून टिपून घेत. ब्रायननें तें निरनिराळ्या तुकड्यांत वाजविलें आणि मग फीत कापून तुकडे सांधले. ही रीत त्यानें एका सबंध संग्रहास लावावयाचें ठरविलें. ‘स्माइल’ असें त्याचें नांव. व्हॅन डाइक पार्क्स ह्या तरुण कवीनें शब्द लिहिले. अमेरिकेच्या भूमीचा आणि इतिहासाचा पूर्व किनाऱ्यापासून हवाईपर्यंतचा प्रवास त्यांत यावयाचा होता. एका तुकड्याचे चार-चार, पांच-पांच पाठ झाले. एकच सुरावट आज एका गाण्यांत, तर उद्यां दुसऱ्यांत बसूं लागली. कंपनीनें साडेचार लाखांहून अधिक वेष्टनें छापून ठेविलीं. वेष्टनाच्या पाठीमागें बारा गाण्यांचीं नांवें होतीं, आणि गाण्यांचा खरा क्रम तबकडीवरील चिठ्ठीवर पाहावा अशी सूचना होती. ती तबकडी निघालीच नाहीं, त्यामुळें खरा क्रमहि कोणास कळला नाहीं.

कारणें एक नव्हतीं. पार्क्सच्या गूढ शब्दांस माइक लव्हचा विरोध होता. कंपनीशीं पैशांवरून कज्जा सुरू झाला होता. मादक पदार्थांनीं ब्रायनचें आधींच नाजूक मन अधिकच पोखरलें. १८७१ च्या शिकागोच्या महाआगीवरून सुचलेला एक वाद्यतुकडा त्यानें नोव्हेंबर १९६६ मध्यें टिपून घेतला. त्यानंतर लौकरच ध्वनिगृहाच्या आसपास एक इमारत जळाल्याचें कळतांच आपल्याच संगीतानें ही आग लाविली, असें भय त्याला वाटलें. ती फीत आपण नष्ट केली, असें तो पुढें सांगत असे. ती नष्ट झालेली नव्हती. १९६७ च्या वसंतांत पार्क्स निघून गेला, आणि मे महिन्यांत ‘स्माइल’ सोडून दिल्याचें जाहीर झालें. त्याच सुमारास बीटल्स मंडळीचा ‘सार्जंट पेपर’ हा संग्रह प्रसिद्ध होऊन त्यानें जग जिंकिलें. सप्टेंबरांत ‘स्मायली स्माइल’ नांवाची, घरींच घाईनें केलेली साधी तबकडी निघाली. मूळ संग्रहांतील कांहीं गाणीं पुढील संग्रहांतून एकेक करून बाहेर पडलीं. बाकीचें सर्व कपाटांत राहिलें.

येथें चाहत्यांचा इतिहास सुरू होतो. १९८० नंतरच्या दशकांत ‘स्माइल’चे तुकडे चोरतबकड्यांवर आणि कॅसेटींवर हिंडूं लागले. एकानें दुसऱ्यास उतरवून द्यावें, दुसऱ्यानें तिसऱ्यास. प्रत्येक उतरणीबरोबर खरखर वाढत जाई. ब्रायनची इमारत अर्धी उभी राहून थांबली असती तर लोकांनीं ती तशीच पाहिली असती. परंतु येथें इमारत नव्हतीच. घडीव दगडांची रास होती आणि नकाशा हरवला होता. म्हणून ज्याच्या हातीं रास आली तो आपापल्या परीनें देऊळ रचूं लागला. कोणी वेष्टनावरील बारा नांवें प्रमाण मानिलीं, कोणी जुन्या मुलाखतींतील शब्द. पोथीच्या निरनिराळ्या प्रती समोर ठेवून मूळ पाठ शोधणाऱ्या पंडितांचीच ही रीत. फरक एवढाच कीं, हे पंडित दिवसा कचेऱ्यांतून आणि दुकानांतून काम करीत, आणि त्यांच्या साऱ्या प्रती चोरीच्या होत्या.

१९९३ सालीं कंपनीनें सुमारें अर्ध्या तासाचें ‘स्माइल’ संगीत अधिकृतपणें प्रसिद्ध केलें. मग २० फेब्रुवारी २००४ रोजीं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें एकसष्ट वर्षांच्या ब्रायननें संबंध ‘स्माइल’ प्रथमच गाऊन दाखविलें. जुने तुकडे संगणकावर घेऊन त्यांची जुळणी करण्यास डॅरियन सहनाजा हा तरुण वादक त्याला साह्य करीत होता. हाहि मुळांत ह्या संगीताच्या चाहत्यांपैकींच एक. राहिलेले शब्द पुरे करण्यास पार्क्स सदतीस वर्षांनीं परत आला. त्याच वर्षीं ही रचना नव्यानें ध्वनिमुद्रित होऊन प्रसिद्ध झाली. २०११ सालीं १९६६–६७ मधील मूळ फितींचा संग्रह निघाला, आणि त्यांतील गाण्यांचा क्रम २००४ च्या प्रयोगावरून लाविलेला होता. इतिहासाच्या अभ्यासकानें येथें क्षणभर थांबावें. म्हातारपणीं जें सुचलें तेंच तारुण्यांतील खर्ड्याचें प्रमाण ठरलें. १९६७ सालीं ब्रायनच्या मनांत हाच क्रम होता काय? तेव्हां त्याच्या मनांत कोणताहि क्रम स्थिर झालेला नव्हता, असेंच उपलब्ध पुरावा सुचवितो. क्रम ठरत नव्हता म्हणून तर कृति मोडली. ब्रायन विल्सन जून २०२५ मध्यें निवर्तला. त्याच्या हयातींतच त्याच्या अपुऱ्या कृतीस पूर्णत्व आलें, हें खरें. परंतु तें मूळच्या कृतीचें पूर्णत्व कीं तिच्या आठवणीचें, हा प्रश्न उरतोच.

दुसरें प्रकरण निराळ्या जातीचें आहे. ‘द हू’ मंडळीचा रचनाकार पीट टाउनशेंड हा १९६७–६८ च्या सुमारास मेहेरबाबांचा अनुयायी झाला. मेहेरबाबा, म्हणजे मेरवान शेरियार इराणी, हे १८९४ सालीं पुण्यास जन्मले व तेथेंच डेक्कन कॉलेजांत शिकले. १० जुलै १९२५ रोजीं अहमदनगरजवळच्या मेहेराबाद येथें त्यांनीं मौन धरिलें तें ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत सोडिलें नाहीं. ज्यांनीं जवळजवळ चव्वेचाळीस वर्षें शब्द उच्चारिला नाहीं, त्यांचा शिष्य व्हावा जगांतील अत्यंत कर्णकठोर म्हणून गाजलेल्या मंडळीचा नायक, ही घटना विरोधाभासाची दिसते. टाउनशेंडला मात्र ती तशी वाटली नाहीं. मौनाच्या मुळाशीं जो नाद आहे त्याचा शोध हाच त्याच्या पुढल्या संकल्पाचा विषय झाला.

ह्या संकल्पाचें नांव ‘लाइफहाउस’. १९७० सालीं त्यानें तो मांडिला. भविष्यकाळीं हवा दूषित झाली आहे. माणसें एका जाळ्यास जोडलेल्या पोषाखांत बंदिस्त राहून सारे अनुभव यंत्राद्वारें घेतात. संगीत नाहींसें झालें आहे. अशा काळीं एक मनुष्य एका नाट्यगृहांत लोकांस जमवून गाणें सुरू करितो, आणि शेवटीं सर्वांच्या स्वरांतून एकच विश्वव्यापी स्वर निर्माण होऊन श्रोते त्यांत लीन होतात. ह्या कल्पनेमागें मेहेरबाबांइतकाच इनायत खान ह्यांचा प्रभाव होता. सूफी संगीतज्ञ इनायत खान हे १८८२ सालीं बडोद्यास जन्मले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें तेथें संगीतशाळा चालविणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. १९१० सालीं ते पश्चिमेस गेले, आणि नाद हेंच विश्वाचें मूळ होय हा विचार त्यांनीं व्याख्यानांतून व ग्रंथांतून तिकडे पोंचविला. नादब्रह्माची कल्पना आम्हांस नवी नाहीं. परंतु बडोद्याच्या गायनशाळेंतून निघालेला हा प्रवाह साठ वर्षांनीं लंडनच्या विजेच्या गिटारींत उतरावा, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

१९७१ च्या आरंभीं लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहांत प्रयोग सुरू झाले. श्रोत्यांच्या आयुष्याचा तपशील यंत्रास पुरवून प्रत्येकाचें संगीत निर्माण करावें, अशी योजना होती. ती कोणास नीटशी समजली नाहीं. चित्रपट निघावयाचा होता तो निघाला नाहीं. टाउनशेंडचा मनोभंग झाला. अखेरीस ग्लिन जॉन्स ह्या ध्वनिमुद्रकाच्या सल्ल्यानें कथा सोडून निवडक गाण्यांची एकच तबकडी करण्यांत आली. ऑगस्ट १९७१ मध्यें निघालेली ही ‘हूज नेक्स्ट’. नऊ गाण्यांपैकीं आठ ‘लाइफहाउस’मधलीं होतीं. पहिलें गाणें ‘बाबा ओ’रायली’. त्याच्या नांवांत मेहेरबाबा आणि अमेरिकन रचनाकार टेरी रायली असे दोघेहि आहेत. हे रायली किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ ह्यांचे शिष्य होते. बाबांच्या जीवनाचा तपशील यंत्रास देऊन त्यांतून स्वर काढावे, ही मूळ कल्पना. तबकडीवर घुमतो तो मात्र विजेवर चालणारा ऑर्गन.

ब्रायनच्या हातीं घडीव दगड होते, नकाशा नव्हता. टाउनशेंडचा नकाशा तयार होता, आणि दगडहि तयार होते. परंतु ते दगड दुसऱ्याच वाड्यास लागले. वाडा इतका सुंदर झाला कीं, देऊळ राहिलें ह्याची बहुतेकांस खंतहि वाटली नाहीं. पण ज्या गाण्यांत त्या एका स्वराची कल्पना सांगितली होती, तें ‘प्युअर अँड ईझी’ नेमकें वगळलें गेलें. ह्या गाण्याचा मार्ग पाहण्यासारखा आहे. मेहेरबाबांच्या जयंतीनिमित्त टाउनशेंड व त्याचे सहभक्त ह्यांनीं १९७० आणि १९७२ सालीं अनुयायांपुरत्या थोड्या प्रतींच्या तबकड्या काढल्या होत्या. ह्या भक्तिमार्गी तबकड्यांच्याहि चोरप्रती बाजारांत विकूं लागल्या. तेव्हां कंपनीनें अधिकृत आवृत्तीचा आग्रह धरिला, आणि त्यांतून १९७२ च्या ऑक्टोबरांत ‘हू केम फर्स्ट’ हा संग्रह निघाला. त्यांत ‘प्युअर अँड ईझी’ ह्या गाण्याचा, टाउनशेंडनें घरीं एकट्यानें केलेला, पहिला खर्डा होता. म्हणजे भक्तांच्या खासगी ठेव्यावर चोरांनीं हात टाकला म्हणून देवळाची मुख्य शिळा लोकांच्या दृष्टीस पडली.

टाउनशेंडनें संकल्प सोडिला नाहीं. १९९९ च्या डिसेंबरांत ‘लाइफहाउस’ बी.बी.सी.वर नभोनाट्य म्हणून सादर झालें. २००० सालीं त्यानें आपल्या खर्ड्यांचा सहा तबकड्यांचा संच स्वतःच प्रसिद्ध केला. २०२३ सालीं त्याहून मोठा संच निघाला. मंडळीच्या उपजत श्रोत्यांनीं जें चोरून जमविलें होतें त्यांतील पुष्कळसें आतां रीतसर विकत मिळतें. देऊळ मात्र अद्यापि बांधलें गेलेलें नाहीं.

ह्या साऱ्याचा निवाडा कसा करावा? प्रसिद्ध तबकडीची नक्कल करून विकणें ही सरळ चोरी आहे, तिच्याविषयीं मतभेद असूं नये. अप्रसिद्ध खर्डा प्रसिद्ध करणें हा अपराध एका अर्थीं अधिक मोठा आहे. तेथें पैसा तर बुडतोच, पण कलावंताचा मौनाचा हक्कहि हिरावला जातो. काय दाखवावें हें ठरविण्याइतकाच काय दाखवूं नये हें ठरविण्याचा अधिकार कर्त्याचा आहे. मेहेरबाबांचें मौन ज्यानें पूज्य मानिलें त्याच्या कपाटांतील मौन मोडावयास श्रोत्यास कोणता अधिकार? ब्रायनच्या बाबतींत तर प्रश्न अधिकच हळवा आहे. ज्या कामापायीं त्याचें मन मोडलें त्याच कामाची मागणी जग त्याच्यापाशीं तीन तपें करीत राहिलें.

आणि तरीहि दुसरी बाजू नाकारतां येत नाहीं. कंपन्यांस ह्या फितींची किंमत समजली ती चोरतबकड्या खपल्यामुळें. ‘स्माइल’चीं नांवें, तुकडे, पाठभेद ह्यांची जतन व नोंद झाली ती वेतन न घेणाऱ्या चाहत्यांच्या हातून. त्यांनीं ती आठवण जागी ठेविली नसती तर २००४ च्या त्या रात्रीं सभागृह कोणासाठीं भरलें असतें? चोराचें समर्थन न करितां चोरीच्या मालावर आपला इतिहास उभा आहे हें मान्य करणें, एवढेंच प्रामाणिक अभ्यासकाच्या हातीं आहे. विक्रेता आणि चाहता ह्यांत भेदहि केला पाहिजे. पहिल्यानें पैसा केला. दुसऱ्यानें बहुधा पदरचाच घातला.

आमच्याकडे ह्या बाबतींत एक जुना आदर्श आहे. शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती मिळवून, नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून, ग्रंथ शुद्ध केला. आणि यापुढें कोणीं त्यांत आपली ओंवी घालूं नये असें बजाविलें. ते स्वतः थोर कवि होते. पदरची ओंवी घालण्याचें सामर्थ्य त्यांच्यापाशीं होतें, पण त्यांनीं ती घातली नाहीं. अपुऱ्या संगीताच्या उपासकांनीं हाच विवेक बाळगावा. खर्डा हातीं आला तर तो खर्डा म्हणून ऐकावा, खर्डा म्हणून जपावा, आणि आपण लाविलेला क्रम हा आपला आहे हें पुढच्यास प्रांजळपणें सांगावें. भूषणभट्टानें उत्तरभागाच्या आरंभीं तेवढें केलें. म्हणूनच बाणाची ‘कादंबरी’ कोठें थांबते आणि मुलाची कोठें सुरू होते, हें आजच्या वाचकासहि ठाऊक आहे.